पेंडीतील प्रथिने व उष्णता

रोहतक, जींद या जिल्ह्यांत दुभत्या मुऱ्हा म्हशीला मोहरीची पेंड चारली जाते. पेंडीतील सर्व प्रथिने म्हशीच्या अंगी लागतात काय? तसे होत नाही.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजंतू बरीचशी प्रथिने फोडून त्यांचा अमोनिया करतात. त्यातील काही भागापासून ते स्वतःची प्रथिने बनवितात. ती पुढे जनावरालाच मिळतात. उरलेल्या अमोनियाचा यकृतात युरिया होतो व तो बहुतांशी मूत्रावाटे वाया जातो.

पेंडीला बेताची उष्णता दिल्यास प्रथिनांची घडण बदलते. सूक्ष्मजंतूंना ती सहजी फोडता येत नाहीत. ती लहान आतड्यात पोचून तेथे पचतात. उष्णता अति झाली, तर मात्र लायसीन हे अ‍ॅमिनो आम्ल शर्करेशी घट्ट जखडले जाते. ही क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माइयार यांनी १९१२ साली वर्णिली. अशी प्रथिने आतड्यातही न पचता शेणावाटे निघून जातात.

पेंड करपली तरी तिच्यातील नायट्रोजनचे मोजमाप फारसे बदलत नाही. म्हणून पेंडीत प्रथिने किती, एवढेच पाहून भागत नाही. त्यांतील पचतात किती, हेही पाहावे लागते.