वळण की घसरण? गाडीतल्या लॉकरची ओळख



लॉकर म्हटले की कुणाला बँकेतला दागिन्यांचा लॉकर आठवतो, तर कुणाला शाळेतला दप्तर ठेवायचा. या पाठातला लॉकर मात्र गाडीच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मधोमध दडलेला असतो. युटा-कोलोरॅडोच्या खडकाळ वाटांवर जीप घेऊन कॅम्पिंगला जाणारी मराठी कुटुंबे आता कमी नाहीत. त्यांच्यापुढे हा प्रश्न हमखास येतो : "ऑटोमॅटिक लॉकर बसवावा का? बसवायचा तर कोणता?" मुलांना यात गणित सापडेल आणि पालकांना निर्णयाला मदत होईल, अशा बेताने हा पाठ लिहिला आहे.

१. वळणाचे गणित

गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाची रांग कोपऱ्यावर वळताना पाहा. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय हलवतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडीच्या चाकांचेही तसेच होते. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते.

किती जास्त? समजा, दोन चाकांमधले अंतर ५ फूट आहे आणि गाडी काटकोनात वळली, म्हणजे पाव वर्तुळ फिरली. आतल्या चाकाच्या वर्तुळाची त्रिज्या कितीही असो, बाहेरच्या चाकाची त्रिज्या तिच्यापेक्षा ५ फुटांनी मोठी असते. पाव वर्तुळाची लांबी काढायची तर त्रिज्येला पायने गुणून २ ने भागायचे. म्हणून दोन वाटांमधला फरक ५ × ३.१४ ÷ २ = ७.८५ फूट. गंमत अशी की वळण लहान असो वा मोठे, हा फरक बदलत नाही!

आता ३० इंच व्यासाचे, म्हणजे अडीच फुटांचे चाक घ्या. त्याचा परीघ २.५ × ३.१४ = ७.८५ फूट. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा बरोबर एक फेरी जास्त फिरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात आणि ओढायचे काम बैल करतात. मोटारीत मात्र इंजिनाचा जोर चाकांतूनच जमिनीला द्यायचा असतो. जोरही द्यायचा आणि चाकांना वेगवेगळे फिरूही द्यायचे, हे दुहेरी काम डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी करते. १८२० च्या दशकात फ्रान्समधील घड्याळजी ओनेझिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी तिचा विचार केला होता. आजही बहुतेक मोटारींत मूळ कल्पना तीच आहे.

२. कावडीचा न्याय

साध्या डिफरन्शियलचा एक नियम आहे : दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ द्यायचा. पीळ म्हणजे फिरवणारा जोर. यात न्याय आहे, पण अडचणही आहे. कावड आठवा. एका बाजूची घागर रिकामी असेल तर दुसऱ्या बाजूची भरलेली घागर तोलता येत नाही. तसेच एका चाकाने पीळ घेतला नाही, तर दुसऱ्यालाही तो मिळत नाही.

समजा, डावे चाक काचेसारख्या बर्फावर आहे आणि फक्त ५० पौंड-फूट पीळ सहन करून घसरू लागते. उजवे चाक कोरड्या डांबरावर आहे आणि ८०० सुद्धा पेलू शकते. तरी उजव्याला मिळणार ५०च! एकूण १००. डावे चाक गरगर फिरते, उजवे स्वस्थ उभे राहते आणि गाडी हलत नाही. "सगळा जोर घसरणाऱ्या चाकाकडे जातो" असे लोक म्हणतात, ते बरोबर नाही. जोर दोघांना सारखाच मिळतो, पण तो कमी पकड असलेल्या चाकाइतकाच असतो.

दोन्ही चाके एकमेकांना घट्ट जोडली, तर हिशेब ५० + ८०० = ८५० होतो आणि गाडी निघते. हे जोडण्याचे काम लॉकर करतो.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचे पेडल असते. एक चाक चिखलात गरगरू लागले की ट्रॅक्टरवाला ते पायाने दाबतो, आणि वळायच्या आधी आठवणीने सोडतो. तिथे वळण कोणते आणि घसरण कोणती, हे माणूस ठरवतो. ऑटोमॅटिक लॉकरमध्ये ते यंत्र ठरवते. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न "कोणता लॉकर जास्त ताकदवान?" हा नसावा. "हे यंत्र वळण आणि घसरण यांतला फरक कसा ओळखते?" हा असावा.

३. ऑटोमॅटिक लॉकरचे दोन स्वभाव

पहिला स्वभाव : नेहमी जोडलेला, वळणावर सुटणारा. डेट्रॉइट लॉकर हा यातला जुना आणि प्रसिद्ध प्रकार. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके जोडलेली असतात. वळणावर जमीनच बाहेरच्या चाकाला पुढे ढकलते. ते पेटीपेक्षा जोरात फिरू लागले की त्याच्या बाजूचे दाते एकमेकांवरून सरकतात आणि ते चाक तेवढ्यापुरते सुटते. कटकट असा आवाज येतो. त्या वेळी गाडी आतल्या चाकावर चालते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की जोर एका बाजूकडून दुसरीकडे जातो, कधी ठक्क असा आवाज होतो आणि गाडी किंचित बाजूला ओढली जाते. लांबीला आखूड आणि हाताने गिअर बदलायच्या जीपमध्ये हे जास्त जाणवते.

याच स्वभावाचा छोटा भाऊ म्हणजे "लंचबॉक्स लॉकर". लॉक-राइट, ऑसी लॉकर वगैरे त्यातले. यात डिफरन्शियलची सबंध पेटी बदलत नाहीत, फक्त आतली लहान दंतचक्रे काढून त्या जागी लॉकर बसवतात. काहीशे डॉलरांत काम होते आणि हत्यारांची सवय असलेला माणूस घरच्या गराजमध्ये ते करू शकतो. पण बाहेरची पेटी जुनीच राहते, त्यामुळे ताकद तिच्याइतकीच. मोठे टायर आणि मोठे इंजिन असेल तर डेट्रॉइटसारखा पूर्ण संच बरा.

दुसरा स्वभाव : नेहमी सुटा, घसरल्यावर जोडला जाणारा. ईटन कंपनीचा असा लॉकर जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकमध्ये अनेक वर्षे मिळत आला आहे. जी-८० या त्याच्या सांकेतिक क्रमांकाने तो ओळखला जातो. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्राची थार ऑक्टोबर २०२० मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा तिच्या काही मॉडेलांत मागच्या आसाला याच स्वभावाचा लॉकर होता. भारतात सुट्टीला गेलात तर काकांच्या थारखाली वाकून बघायला हरकत नाही!

हा लॉकर दोन चाकांच्या वेगातला फरक पाहतो. फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांच्या वर गेला की आतली छोटी वजने बाहेर फेकली जातात आणि चाके जोडली जातात. १००च का? आपला आकडा आठवा. काटकोनी वळणावर एका फेरीचा फरक पडतो. असे वळण ५ सेकंदांत घेतले तर मिनिटाला १२ फेऱ्यांचा फरक होईल, आणि ३ सेकंदांत घेतले तर २०. साधे वळण १०० च्या जवळपासही जात नाही! म्हणून फरक १०० च्या वर गेला की ती घसरणच, असे हे यंत्र धरून चालते. शिवाय ताशी सुमारे २० मैलांच्या वर ते जोडणी करत नाही.

याचा तोटा असा की आधी चाक घसरावेच लागते. खडकावर मुंगीच्या पावलाने चढताना तोल सांभाळायचा असतो. तिथे आधी गरगर आणि मग धक्का, हे बरे नाही.

तुलनेसाठी तिसरा प्रकारही सांगतो, जो ऑटोमॅटिक नाही : चालकाने बटण दाबून लावायचा, हवेवर किंवा विजेवर चालणारा. जीप रँग्लर रूबिकॉनला २००३ च्या मॉडेलपासून पुढे-मागे असे लॉकर कारखान्यातूनच येतात. स्वभावाने हा ट्रॅक्टरच्या पेडलाचाच भाऊ. खर्च जास्त, पण निर्णय आपल्या हातात.

४. बर्फाचा रस्ता

खडकाच्या वाटेवर गाडी वर्षातून चार-सहा वेळा जाते, पण ऑफिसला, किराणा आणायला आणि आपल्या मराठी वर्गाला ती दर आठवड्याला निघते. त्यातले काही दिवस बर्फाचे असतात. म्हणून पुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

साध्या डिफरन्शियलच्या गाडीत बर्फावर एक चाक गरगरले, तरी दुसरे शांत फिरत असते आणि गाडीची शेपटी जागेवर धरून ठेवते. गाडी अडकेल, पण बहुधा सरळ राहील. मागचा लॉकर जोडलेला असेल तर दोन्ही चाके एकदम घसरतात. गरगरणाऱ्या चाकाला बाजूची पकड जवळजवळ राहत नाही. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडीची शेपटी उताराकडे, म्हणजे गटाराकडे सरकते. ज्या गुणामुळे गाडी चिखलातून निघते, तोच गुण इथे तिला आडवी नेतो.

पुढच्या आसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे लॉकर जोडलेला असताना स्टिअरिंग जड होते आणि सरळ व्हायला ओढते. जुन्या जीपमध्ये डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर जात नाही, तेव्हा पुढचा लंचबॉक्स लॉकर फारसा जाणवत नाही. ज्या गाडीत चारही चाकांना कायम जोर असतो, तिथे तो पुढे बसवू नये.

५. निवड कशी करावी?

(अ) घरात एकच गाडी, थंडीत बर्फ, आणि घरातला नवशिका मुलगा किंवा मुलगीही ती चालवणार : मागे पहिल्या स्वभावाचा लॉकर नको. बटणाचा घ्या किंवा दुसऱ्या स्वभावाचा. नुसते चांगले बर्फाचे टायर घेतले तरी पुष्कळ काम होते.

(आ) जुनी जीप फक्त सुट्टीच्या दिवसांसाठी, कोरड्या ॲरिझोनात किंवा युटात : लंचबॉक्स लॉकर योग्य. चालवणाऱ्या प्रत्येकाला त्याचा स्वभाव आधी मोकळ्या मैदानात दाखवा.

(इ) २०१२ नंतरची मॉडेले : अमेरिकेत या गाड्यांना घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची आहे. ती प्रत्येक चाकाचा वेग मोजते आणि गरजेप्रमाणे एकेका चाकाला ब्रेक लावते. चाके कायम जोडणारा लॉकर तिच्या कामात आडवा येऊ शकतो. म्हणून तो आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला आहे ना, हे बनवणाऱ्यालाच विचारा.

(ई) आसाची ताकद : मोअॅबचा खडक पॉलिश पेपरसारखा खरखरीत आहे. तिथे एक चाक हवेत असेल तर लॉकर सगळा पीळ दुसऱ्या चाकाच्या दांड्यावर टाकतो. टायर मोठे आणि दांडा बारीक असेल तर तो तुटतो. विकत घेण्यापूर्वी आसाचे नाव, दांड्याच्या दात्यांची संख्या आणि गिअरचे प्रमाण लिहून घ्या. हे तीनही जुळले नाहीत तर लॉकर बसणार नाही.

(उ) टायर : एका आसावरची दोन्ही टायर सारख्याच परिघाची आणि सारख्याच हवेची हवीत. एक नवे आणि एक झिजलेले असेल, तर लॉकरला सरळ रस्ताही वळणच वाटतो आणि तो सारखा कटकट करतो. शिंप्याच्या टेपने परीघ मोजा. हे काम मुलांना सांगायला छान आहे.

महत्त्वाची सूचना : लॉकर असलेल्या गाडीचे एक चाक जॅकवर उचललेले असताना इंजिन चालू करून गाडी कधीही गिअरमध्ये टाकू नका. साध्या गाडीतही हे करू नये. लॉकरच्या गाडीत तर जमिनीवरचे चाक तिला जॅकवरून पुढे ढकलते, आणि शेजारी बसून बघणारे मूल तिथेच असते. गाडी विकताना किंवा मेकॅनिककडे देताना "आत लॉकर आहे" हे आठवणीने सांगा. बाहेरून तो दिसत नाही.

शब्दार्थ

आस – दोन चाकांना जोडणारा दांडा, ॲक्सल
पीळ – फिरवणारा जोर
दंतचक्र – दाते असलेले चाक, गिअर
पकड – जमिनीला धरून राहण्याची शक्ती
कावड – खांद्यावर आडव्या बांबूने दोन्ही बाजूंना ओझे वाहण्याचे साधन
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
चिखलणी – भात लावण्यापूर्वी शेतात पाणी धरून केलेली मशागत

स्वाध्याय

१. दोन चाकांमधले अंतर ५ फूट आहे. गाडीने पूर्ण वर्तुळ फिरले तर बाहेरचे चाक किती फूट जास्त जाईल? ३० इंची चाकाच्या किती फेऱ्या जास्त होतील?

२. ३० इंची चाक मिनिटाला १०० फेऱ्या फिरते. त्याचा वेग ताशी किती मैल? (१ मैल = ५२८० फूट.)

३. कावडीचे उदाहरण वापरून, गाडी बर्फात का अडकते हे आजी-आजोबांना फोनवर मराठीत समजावून सांगा. त्यांनी विचारलेला एक प्रश्न वहीत लिहून आणा.

४. घरी लेगो टेक्निकचे डिफरन्शियल असेल तर मधले चक्र बोटाने धरून एक चाक फिरवा. दुसरे कोणत्या दिशेला फिरते? आता दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवून गाडी गालिच्यावर वळवून पाहा आणि काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.