मुलगा म्हणतो, सगळं विकून टाका

प्रश्न : मी गंगाखेडला राहतो, सेवानिवृत्त आहे. हौस म्हणून सुतारकाम करतो. ड्रिल, रंधा मशीन, जिगसॉ आणि चार इंची कटर अशी दहाबारा वर्षांपूर्वीची यंत्रं घरात आहेत. पुण्याचा मुलगा म्हणतो, ही विकून बॅटरीवरची घ्या. काय करावं?

उत्तर : मुलाचं ऐका, पण अर्धंच.

आधी वयाचा मुद्दा. यंत्राचं वय कॅलेंडरवर मोजायचं नसतं. या यंत्रांत झिजणाऱ्या वस्तू थोड्या : कार्बन, बेअरिंग, स्विच आणि वायर. कार्बन तर झिजण्यासाठीच असतो आणि स्वस्तात बदलता येतो. मशीन चालू असताना आत बारीक निळसर ठिणग्या दिसल्या की लोक घाबरतात, पण तेवढ्या असायच्याच. नवा कार्बन घालूनही नारंगी ठिणग्यांचं कडं फिरू लागलं आणि जळका वास आला, तर मात्र आर्मेचर गेलं समजा. शेतीपंपाची मोटार भरून घेणं परवडतं. लहान यंत्राचं आर्मेचर भरण्याचा खर्च बरेचदा नव्या यंत्राच्या जवळ जातो. असं यंत्र खुशाल भंगारात द्या.

आता बॅटरी. थोडा हिशेब करू. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 90 वॅट-अवर. 600 वॅटचं रंधा मशीन पूर्ण जोर लावून चाललं, तर ती 9 मिनिटांत संपेल. बाभळीची फळी तासायला घेतलीत तर यंत्राला जोर लागतोच. उलट स्क्रू पिळायला फारच थोडी वीज लागते, म्हणून त्या कामात हीच बॅटरी दिवसभर पुरते. कापणं-तासणं वायरवर आणि स्क्रू पिळणं बॅटरीवर, अशी वाटणी हौशी माणसाला सोयीची.

शिवाय लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, आणि उष्णतेत लवकर. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती ठेवणं म्हणजे पैसे वाळत घालणं. वायरचं यंत्र सहा महिने कपाटात राहिलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. पावसाळ्यात पात्यांना तेलाचा हात फिरवला की झालं. वीज गेल्यावर बॅटरी कामाला येते, हा मुलाच्या बाजूचा मुद्दा मात्र खरा. त्यासाठी बॅटरीवरचा एक ड्रिल पुरे. पुढे आणखी काही घ्यावंसं वाटलं तर त्याच कंपनीचं घ्या, कारण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही.

विजेचा दाब कमी असल्याने यंत्र रडतं, अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. त्यात दोष बरेचदा अंगणापर्यंत ओढलेल्या लांब, बारीक वायरीचा असतो. वायरीतच दाब पडतो, मोटार मंदावते, आपण ती आणखी रेटतो आणि ती तापते. यंत्र विकण्याआधी जाड तारेची, आखूड वायर लावून पाहा.

खरी काळजी तुमच्या कटरची आहे. चार इंची कटर मुळात फरशी कापण्यासाठी बनलेला. त्याला लाकडाचं दातेरी पातं लावून प्लाय कापायची पद्धत सर्रास आहे, आणि मिस्त्री सफाईने कापतातही. पण त्याचं पातं मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतं आणि खालून उघडंच राहतं. फरशीच्या चकतीला दात नसतात. लाकडाच्या पात्याचे दात अडकले की यंत्र मागे उसळतं. लाकडासाठीच्या सात इंची सर्क्युलर सॉचं पातं याच्या निम्म्याहून कमी फेरे घेतं, आणि कापून झालं की खालचं झाकण आपोआप मिटतं. तेव्हा बदलायचंच असेल तर पहिला नंबर या कटरचा.

कटर फरशीवाल्याला द्या, त्याच्या हाती तो योग्य कामाला लागेल. किंमत मात्र बेताची सांगा. पोटासाठी सुतारकाम, गवंडीकाम करणाऱ्यांना 2023 पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. नवं मिळत असताना जुन्याला कोण जास्त देईल? (ही योजना हौशी लोकांसाठी नाही, म्हणून तिकडे पाहू नका.) कार्बन बदलून, समोर चालवून दाखवलंत तर घासाघीस कमी होते.

राहिली जिगसॉ. विकून हाती फारसं येत नाही, आणि गोल कापायची वेळ आली की तीच लागते. ती तिरकी कापते म्हणून वैतागला असाल, तर पातं बोथट झालंय का ते आधी बघा.