सुकाणूच्या बिजागऱ्या व त्यांचें वंगण

नौकेचें शीड दुरून दिसतें, म्हणून त्याची काळजी सर्व जण घेतात. परंतु शिडांत वारा कितीही भरला तरी नौकेनें कोठें जावें हें सुकाणूं ठरवितें. आणि तें सुकाणूं दोनतीन लहान बिजागऱ्यांवर टांगलेलें असतें. त्या दृष्टीआड असल्यामुळें त्यांची हयगय होते, व खडकाजवळ एखादी तुटली म्हणजे नौकेंतील माणसांचे प्राण संकटांत येतात. ज्या लहान शिडाच्या होडीचें सुकाणूं मागील फळीस बाहेरून लावलेलें असतें, तिच्याविषयीं आम्ही ह्या पाठांत विचार करणार आहों.

रचना.— सुकाणूस धातूच्या खुंट्या असतात व होडीस कडीं असतात. खुंट्या कड्यांत बसून फिरतात. खालची खुंटी बहुधा वरचीपेक्षां लांब करितात. ती आधीं बसली म्हणजे वरची बसविणें सोपें जातें. सुकाणूं वाळूस लागून वर उचललें जाऊं नये म्हणून एक अडकण असते. ती जागेवर आहे कीं नाहीं हें होडी लोटण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं पाहावें.

आधीं स्वच्छता, मग वंगण.— सुकाणूं जड चालूं लागलें कीं वरून वंगण ओतावें, असा पुष्कळांचा समज आहे. तो घातक आहे. जुन्या वंगणांत वाळू मिसळली म्हणजे ती कानशीप्रमाणें धातु झिजविते. यास्तव सुकाणूं काढून घ्यावें, गोड्या पाण्यानें मीठ व वाळू धुवावी, आणि जुनें वंगण चिंधीनें पुसून टाकावें.

नंतर परीक्षा करावी. सुकाणूं पुन्हा बसवून त्याचें खालचें टोंक धरून हालवावें. तें खडखडलें तर खुंटी किंवा कड्याचें भोंक झिजलें आहे असें समजावें. झिजलेली धातु वंगणानें भरून येत नाहीं; तेथें नवें बुश किंवा नवी खुंटीच पाहिजे. स्वच्छ करूनही सुकाणूं जड फिरत असेल, तर खुंटी वांकली आहे किंवा कडीं एका ओळींत नाहींत. बोल्टांभोंवतालचें लांकूड टोंचून पाहावें. तें मऊ लागल्यास कुजकें लांकूड बदलावें व बोल्ट लुकण लावून पुन्हा कसावे.

वंगण कोणतें?— खाऱ्या पाण्यानें धुऊन न जाणारें, नौकांसाठीं केलेलें घट्ट वंगण घ्यावें व त्याचा पातळ थर द्यावा. खोबरेल लवकर धुऊन जातें. ग्राफाइटचें वंगण खाऱ्या पाण्यांत धातूस खाण्यास साहाय्य करितें, म्हणून तें वर्ज्य करावें. कांहीं प्लास्टिकचीं बुशें कोरडींच चालावीं अशीं केलेलीं असतात; त्यांस केवळ गोडें पाणी पुरे.

धातूंचें वैर.— दोन भिन्न धातु एकमेकींस लागून समुद्राच्या पाण्यांत असल्या, तर त्यांच्यामध्यें विजेचा प्रवाह चालतो व दुबळी धातु विरघळत जाते. ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ सालीं पाहतां लोखंडी खिळे पुष्कळ खाल्ले गेलेले आढळले. मात्र जेथें मध्यें कागद राहिला होता तेथील खिळ्यांची हानि कमी झाली होती. पुढें १८२४ सालीं हंफ्री डेव्ही ह्या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा तांब्यास जोडला असतां तो स्वतः झिजतो व तांबें वांचवितो. ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. कांशाच्या कड्यास लोखंडी बोल्ट लावूं नये. जस्ताचा तुकडा लावला असल्यास त्यावर रंग देऊं नये, व तो सुमारें अर्धा झिजतांच बदलावा.

मोठ्या नौकेसही सुकाणूच्या काळजीवांचून गत्यंतर नाहीं. गोव्यांत बांधलेली भारतीय नौसेनेची शिडाची नौका ‘तारिणी’ २०१७ च्या सप्टेंबरांत पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. २०१८ सालीं केप टाऊन सोडल्यावर सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाल्यामुळें तिला मॉरिशसांत थांबावें लागलें. दुरुस्तीनंतर ती २१ मे २०१८ रोजीं गोव्यास सुखरूप परतली.

पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तो काळ ह्या कामास उत्तम होय. तेव्हां एक सकाळ खर्च केली म्हणजे पुढें भर समुद्रांत पस्तावण्याची पाळी येत नाहीं.

उजळणीचे प्रश्न.— (१) वंगणापूर्वीं धुणें कां अवश्य आहे? (२) वंगणानें कोणता दोष दूर होत नाहीं? (३) जस्ताच्या तुकड्यावर रंग कां देऊं नये?