जागच्या जागी बदल आणि त्याचे आनुषंगिक परिणाम

गणितात ज्याला फलन म्हणतात त्याच्याकडून आपली अपेक्षा साधी असते. त्याला संख्या द्यावी आणि त्याने उत्तर द्यावे. 49 चे वर्गमूळ काढल्याने 49 ह्या संख्येला काही होत नाही. संगणकाच्या आज्ञावलीतील फलन मात्र उत्तर देण्याखेरीज आणखीही काही करू शकते. ते स्मृतीतील एखादी किंमत बदलते, फाइलीत नोंद करते, कागदावर मजकूर छापते. ह्या जादा कामाला 'साइड इफेक्ट' असे नाव आहे. औषधांच्या संदर्भात रूढ झालेला 'दुष्परिणाम' हा शब्द येथे वापरण्याचा मोह आम्ही टाळला आहे. छपाई हादेखील असाच एक परिणाम आहे, आणि तो नको असेल तर आज्ञावली चालवायचीच कशाला? म्हणून 'आनुषंगिक परिणाम' ही संज्ञा योजली आहे.

ह्या परिणामांपैकी सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दिलेल्या वस्तूतच, जागच्या जागी, केलेला बदल. एक उदाहरण घेऊ. एका वर्गातील पाच विद्यार्थ्यांचे गुण अनुक्रमांकाप्रमाणे एका यादीत ठेवले आहेत: 62, 48, 91, 29, 77. निकालपत्रक छापण्यापूर्वी वर्गाचा मध्यक हवा आहे. मध्यक म्हणजे गुण चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारी संख्या. तो काढणाऱ्या फलनाने यादी घेतली, ती तिच्याच जागी क्रमाने लावली आणि 62 हे उत्तर दिले. उत्तर बिनचूक आहे. पण यादी आता 29, 48, 62, 77, 91 अशी झाली आहे. त्यानंतर छापलेल्या पत्रकात पहिल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे 29 गुण येतील आणि तो अनुत्तीर्ण ठरेल. चौथा, जो खरोखर अनुत्तीर्ण आहे, तो 77 गुण मिळवून वर जाईल.

येथे वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्र कोणतीही चूक दाखवणार नाही. गुणांची बेरीज पूर्वीइतकीच, म्हणजे 307 भरते; सरासरीही 61.4 हीच राहते. एखाद्या दक्ष कारकुनाने नमुन्यादाखल दुसऱ्या क्रमांकाचे गुण मूळ उत्तरपत्रिकेशी ताडून पाहिले, तर तेही 48 असेच जुळतील. चूक मध्यक काढणाऱ्या ओळींत आहे आणि तिचे फळ दिसते ते दूरच्या छपाईच्या ओळींत. शोध घेणारा बहुधा छपाईच्याच ओळी तपासत बसतो.

असे का होते? पायथन ह्या आज सर्वत्र शिकवल्या जाणाऱ्या भाषेत चलाचे नाव म्हणजे वस्तू ठेवण्याची पेटी नव्हे; ती वस्तूला लावलेली चिठ्ठी होय. 'ब = अ' असे लिहिल्याने यादीची दुसरी प्रत तयार होत नाही, त्याच यादीला दुसरे नाव मिळते. एकाच गृहस्थाला घरी बाळू म्हणतात आणि कचेरीत बाळकृष्णपंत. बाळूने रविवारी मिशी काढली, तर सोमवारी बाळकृष्णपंत मिशीसह कचेरीत येतील ही आशा व्यर्थ आहे. फलनाला यादी देतानाही नेमके हेच घडते. फलनाच्या आत तिला एक नवे नाव मिळते, इतकेच. संख्यांच्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण पायथनमध्ये संख्येत बदल करताच येत नाही. नाव दुसऱ्या संख्येला लावता येते. नवशिका संख्यांवरून नियम शिकतो आणि याद्यांपाशी ठेचाळतो.

जुन्या फोरट्रानमध्ये तर याहूनही विलक्षण प्रकार घडत. त्या भाषेत उपआज्ञावलीला सामान्यतः किंमत न देता स्मृतीतील तिचा पत्ता दिला जाई. काही कंपायलर 4 सारखा स्थिरांकही स्मृतीत एका ठिकाणी ठेवून त्याचाच पत्ता पुढे देत. उपआज्ञावलीने त्यात एक मिळवला, की त्या आज्ञावलीत पुढे जेथे जेथे 4 लिहिले असेल तेथे 5 वाचले जाण्याची शक्यता असे. गणिताच्या कोणत्याही शिक्षकाला हे पटवून देणे कठीण आहे!

तरीही जागच्या जागी बदल करण्याची रीत निव्वळ हलगर्जीपणातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. फोरट्रान 1957 साली ज्या आयबीएम 704 यंत्रासाठी तयार झाली, त्याच्या गाभास्मृतीत फार तर 32,768 शब्द मावत. तेथे मोठ्या यादीची दुसरी प्रत ठेवणे ही चैन होती. होअर यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या क्विकसॉर्ट ह्या रीतीचा एक मोठा गुण हाच, की ती घटकांची आपापसांत अदलाबदल करून काम भागवते.

भाषा रचणाऱ्यांनी ह्या अडचणीवर वेगवेगळे उपाय योजले. स्कीम भाषेत बदल घडवणाऱ्या क्रियेच्या नावाअखेर उद्गारचिन्ह देण्याचा प्रघात आहे. रूबीतही अनेक ठिकाणी तो आढळतो. 1990 साली पुढे आलेल्या हॅस्केलने सामान्य फलनांना असा बदल करण्याची मुभाच ठेवली नाही. पायथनने मधला मार्ग घेतला: 'सॉर्टेड' हे फलन नवी यादी देते, तर यादीची 'सॉर्ट' ही क्रिया मूळ यादी बदलते आणि उत्तरादाखल काहीच देत नाही. हे मौन हेतुपुरस्सर आहे. मूळ यादी बदलली आहे ह्याचे विस्मरण होऊ नये म्हणून. परंतु 'अ = अ.सॉर्ट()' असे लिहिणाऱ्याच्या 'अ' ह्या नावाकडे त्यानंतर यादी उरतच नाही, आणि असे एकदा तरी न लिहिलेला विद्यार्थी विरळा.

आपल्या निकालपत्रकापुरते 'सॉर्टेड' वापरणे पुरेसे आहे. नवी यादी क्रमाने लागते, मूळ यादी अनुक्रमांकाप्रमाणेच राहते. विद्यार्थी लाखोंनी असतील आणि प्रत काढणे परवडत नसेल, तर सुरुवातीपासूनच प्रत्येक नोंदीत गुण आणि अनुक्रमांक अशी जोडी ठेवावी. मग यादी जागच्या जागी हवी तितक्या वेळा हलवली तरी 62 गुणांबरोबर पहिला क्रमांक आणि 29 गुणांबरोबर चौथा क्रमांक जातो, आणि छपाईपूर्वी अनुक्रमांकावरून यादी पुन्हा लावून घेता येते.