धाप लागते? मग हाडंही तपासून घ्या

धाप लागणारा माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर छातीला नळी लावतात, यंत्रात फुंकायला सांगतात, छातीचा फोटो काढतात. पाठीच्या कण्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्यातून रुग्ण पुरुष असला तर हाडांचा विषय निघतच नाही. हाडं ठिसूळ होणं हे बायकांचं, तेही पाळी गेल्यानंतरचं दुखणं, असाच समज घरोघरी आहे. या समजामुळे माझे दोन मणके मोडले तरी ते कळायला कित्येक महिने गेले. माझ्या वयाच्या पुरुषांनी आणि त्यांच्या मुला-सुनांनी माझा हा अनुभव लक्षात ठेवावा, म्हणून लिहितो आहे.

माझी सारी नोकरी सूतगिरणीत झाली. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात कापसाच्या गाठी फुटतात, कापूस पिंजला जातो आणि त्याची बारीक धूळ दिवसभर हवेत तरंगत राहते. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला गेलं की छाती आवळल्यासारखी व्हायची, पुढे एक-दोन दिवसांत सैल पडायची. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, हे फार उशिरा समजलं. विडी-सिगारेट मी कधी ओढली नाही, पण निवृत्तीच्या सुमारास जिना चढताना थांबावं लागू लागलं. स्पायरोमेट्री झाली. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती पडते, ते यात मोजतात. श्वासनळ्या रुंदावणारं औषध घेऊनही हे प्रमाण ०.७ च्या खाली राहिलं, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या असं धरतात. माझं प्रमाण खालीच होतं. सीओपीडी, असं निदान झालं.

रोजचा पंप सुरू झाला. पावसाळ्यात किंवा थंडीत कफ वाढून दम कोंडला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिळायच्या. त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मला वेळोवेळी वाचवलं, हे आधी स्पष्ट सांगतो. पण वर्षानुवर्षं असे कोर्स होत गेले आणि त्यांची बेरीज कुणी ठेवली नाही. हाडांची चौकशी एकदाही झाली नाही.

एका पावसाळ्यात खोकल्याची जोराची उबळ आली आणि पाठीच्या मधोमध कळ उठली. श्वास घेता येईना, कुशीवर वळता येईना. दवाखान्यात उसण भरली असं सांगण्यात आलं. वेदनाशामक गोळ्या, शेक, मलम असं सगळं झालं. कळ हळूहळू ओसरली, पण धाप वाढली. थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटायचं, सदरे पुढून लांब वाटू लागले. दम वाढला म्हणून पंपाचा डोस वाढवला गेला. त्याने काही फरक पडला नाही.

पुढे छातीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाजूने काढलेला एक्स-रे प्रकाशावर धरला. "काका, फुप्फुसं आहेत तशीच आहेत. तुमचे दोन मणके पुढून चेपलेत," त्या म्हणाल्या. मग भिंतीला उभं करून उंची मोजली. गिरणीत भरतीच्या वेळी ५ फूट ७ इंच होती, आता जेमतेम ५ फूट ५ इंच भरली. मणका मोडायला पडावंच लागतं असं नाही. हाड पोखरलेलं असेल तर खोकल्याच्या उबळीनं किंवा भरलेली बादली उचलतानाही तो चेपतो. कधी तर दुखतही नाही, माणूस फक्त वाकत आणि बुटका होत जातो.

त्या बाईंनी जे समजावून सांगितलं, ते प्रत्येक धापेच्या रुग्णाला माहीत हवं. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड नवं हाड घडवणाऱ्या पेशींना दाबतं आणि आतड्यांतून कॅल्शियम कमी शोषलं जातं. हाडांची झीज सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. पण स्टेरॉइड कधीच न घेतलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. सीओपीडीतली आतली सूज हाडांना पोखरते, तंबाखूचा धूर पोखरतो. धापेमुळे चालणं कमी होतं, ऊन अंगावर पडत नाही, वजन आणि स्नायू उतरतात. ताण पडला तरच हाड मजबूत राहतं, आणि आपण तर खुर्चीला खिळलेले असतो.

उलट्या बाजूनेही तेच चक्र फिरतं. छातीमागचे मणके चेपले की पाठ पुढे झुकते, फासळ्या कमरेकडे उतरतात, फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकणं टाळतो. कफ आत साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. दमामुळे हाड गेलं आणि हाडामुळे दम आणखी गेला, असं होऊन बसतं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडतं तेव्हा पुरुषांना ते अधिक महागात पडतं. अशा मोडीनंतर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आहे. हा फक्त बायकांचा आजार आहे, हा समज जीवघेणा आहे तो यामुळे.

आता जे मी करतो आणि तुम्ही करावं, ते सांगतो.

उंची मोजा. वर्षातून एकदा, चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून. तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट झाली असेल, तर कण्याचा बाजूने एक्स-रे काढायला डॉक्टरांना सांगा. खोकल्यानंतर पाठीत अचानक कळ आली, तर तिला उसण म्हणून सोडून देऊ नका.

औषधांची वही ठेवा. स्टेरॉइडची गोळी कधी, किती मिलिग्रॅम, किती दिवस, हे लिहा. रोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिने चालणार असेल, तर हाडांच्या रक्षणाचा विचार तेव्हाच व्हायला हवा. छोटे छोटे कोर्स वारंवार होत असतील तर त्यांचीही बेरीज धरावी लागते. जास्त दिवस चाललेली गोळी मनाने एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, त्यामुळे जिवावर बेतू शकतं.

पंप सोडू नका. त्यातलं औषध थेट फुप्फुसात जातं आणि गोळीच्या मानाने मात्रा फार थोडी असते. हाडांच्या भीतीने पंप बंद केला तर दम उसळतो आणि पुन्हा गोळ्याच खाव्या लागतात. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ मात्र भरा. कागदात बांधून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या दम्याच्या पुड्यांपासून दूर राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. झटपट आराम पडतो, चेहरा गोल होतो, आणि हाडं आतून पोकळ होत जातात.

डेक्सा तपासणी करून घ्या. झोपवून कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता मोजतात, काहीही दुखत नाही. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस धरतात. वयस्क पुरुषांत कण्याला आलेल्या काट्यांमुळे कमरेचा आकडा फसवा, चांगला दिसू शकतो, म्हणून खुब्याचा आकडाही पाहायला सांगा. मणका आधीच चेपलेला असेल तर आकडा कितीही असो, उपचार हवेतच. सोबत ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंड, थायरॉईड आणि गरजेनुसार टेस्टोस्टेरॉन तपासलं जातं.

सांगितलेलं औषध नीट घ्या. आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडही असतं. दोन्हींआधी मूत्रपिंड आणि दात तपासून घ्यावेत. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून महिनोन्महिने खाऊ नका. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

ताटात बदल करा. या वयात दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. दूध, दही, ताक, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, हिरव्या पालेभाज्या आपल्या घरात असतातच. डाळी, उसळी, चालत असेल तर अंडी-मासे पोटात जाऊ द्या, कारण स्नायू उतरला की तोल जातो.

हालचाल थांबवू नका, पण जपून करा. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडत मी रोज चालतो. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठ-बस करतो. मणका चेपलेल्याने पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकायची आसनं टाळावीत, सूर्यनमस्कारही डॉक्टरांना विचारूनच घालावेत. जड वस्तू वाकून उचलू नये. मोरीतली फरशी निसरडी राहू देऊ नये, रात्री वाटेत दिवा असावा.

लसी घ्या. फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तेव्हा. छातीचा एक संसर्ग टळला तर स्टेरॉइडचा एक कोर्स टळतो.

माझे चेपलेले मणके पुन्हा पहिल्यासारखे होणार नाहीत. पण उपचार सुरू झाल्यापासून नवा मणका चेपलेला नाही आणि पाठ सरळ ठेवायला शिकल्यापासून श्वासही पुष्कळ मोकळा वाटतो. हे आधी झालं असतं तर एवढं सोसावं लागलं नसतं. तुमच्या घरी वडील, काका, आजोबा धापेचे असतील, तर पुढच्या वेळी छातीच्या डॉक्टरांकडे जाताना एकच प्रश्न विचारा: "यांची हाडं कधी तपासायची?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.