मंजुरीपत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

"ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे ना?" हे मी कंत्राटदाराला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तो म्हणाला, "सब हो जाएगा, भाईसाहब." मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण नंतर चारचौघांत त्याने मी विचारलंच नसल्याचं सांगितलं.

लखनऊच्या इंदिरा नगरात मुंशी पुलियाकडे आमचं गाड्यांचं चार्जिंग स्टेशन, ६० किलोवॅटची दोन यंत्रं. परवान्याचा प्रश्न नव्हता. चार्जिंगला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. अडलं ते जोडणीवर.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दोन्हीकडे गाड्या लावल्या आणि व्होल्टेज घसरलं. यंत्रं बंद. शेजारचे लोक एसी चालेना म्हणून माझ्या दारात. जोडणीचा अर्ज ऑनलाइन, त्यावर मोबाइल नंबर कंत्राटदाराचा, त्यामुळे मंजुरीचे सगळे संदेश त्यालाच जायचे. बरीच टाळाटाळ करून त्याने पत्र दाखवलं. मंजूर भार ४० किलोवॅट! मी लेखी दिलेला आकडा १२० होता. भार कमी दाखवला की वाहिनीची छाननी टळते, काम लवकर उरकतं, त्याचं बिल निघतं. जाब विचारला तर म्हणे, "दोनों मशीन एक साथ चलाते ही क्यों हैं?" हे आठवलं की आजही संताप होतो.

पुण्या-नाशिकला स्टेशन काढणाऱ्यांनीही हिशेब स्वतः करावा. ६० किलोवॅटचं यंत्र फेजमागे सुमारे ९० अँपिअर ओढतं, दोन मिळून १८०. ४०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर फेजमागे साधारण साडेपाचशे अँपिअरचा. म्हणजे तिसरा हिस्सा तुमचा, उरलेल्यात अख्खी वस्ती. ट्रान्सफॉर्मरवरच्या भाराची मोजणी उन्हाळ्यातल्या रात्रीची मागा, दुपारचा आकडा घेऊ नका. ११ केव्हीची जोडणी लागणार असेल तर स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरची जागा आणि खर्च आधीच धरा.

"कायद्याने महिन्यात वीज मिळते," असं कंत्राटदार सांगतात. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये तसं आहे, पण वाहिनी वाढवायची किंवा नवं उपकेंद्र उभारायचं असेल तर ती मुदत लागू नाही. हा दुसरा भाग कुणी उच्चारत नाही.

अर्जावर मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. सगळं लेखी घ्या, घाई करू नका. यंत्रांची ऑर्डर मंजुरीपत्र वाचल्यावर, आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता संध्याकाळच्या गर्दीत सगळी यंत्रं एकत्र चालल्यावर. माझ्याकडचा हप्ता मी दिलेला नाही, देणारही नाही.