न दिसणाऱ्याचं वजन कसं करायचं?



दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात केप्लरचा तिसरा नियम येतो. मुलं तो पाठ करतात, गुणांपुरता लिहितात आणि विसरतात. "याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलंच, तर हे उदाहरण द्या.

मे महिन्यात मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे धनू रास दिसते. त्याच दिशेला, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. पण मध्ये धूळ इतकी की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या साधारण एक लाख कोटी कणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोहोचतो. अवरक्त किरणांची तरंगलांबी जास्त असल्याने धूळ त्यांना कमी अडवते. २.२ मायक्रोमीटरला साधारण दहातला एक कण पार होतो.

म्हणून १९९० च्या दशकापासून दोन गटांनी अवरक्त प्रकाशातच हे केंद्र पाहायला घेतलं. राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने चिलीमधून, तर अँड्रिया गेझ यांच्या गटाने हवाईतल्या केक दुर्बिणीतून. वातावरणामुळे ताऱ्यांची चित्रं थरथरतात. पुढे त्यावर उपाय निघाला. दुर्बिणीतल्या एका आरशाचा आकार सेकंदाला शेकडो वेळा बदलून ती थरथर कमी करता येऊ लागली. तेच तारे, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा!

त्यातला एस-२ हा तारा १६ वर्षांत एक लंबवर्तुळाकार फेरी पूर्ण करतो. कशाभोवती? तिथे तर कुठलाच तारा दिसत नाही!

आता फळ्यावर गणित मांडा. अंतर खगोलीय एककात (पृथ्वी–सूर्य अंतर = १) आणि काळ वर्षांत घेतला, तर अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग म्हणजे मधल्या वस्तूचं वस्तुमान, सूर्याच्या पटीत. पृथ्वीसाठी उत्तर १ येतं, ते आधी करून घ्या. एस-२ चं सरासरी अंतर (कक्षेचा अर्धा दीर्घ अक्ष) सुमारे १००० एकक. १००० चा घन १०० कोटी, १६ चा वर्ग २५६. भागाकार सुमारे ३९ लाख! शास्त्रज्ञांचं काटेकोर उत्तर सुमारे ४३ लाख सूर्य आहे. म्हणजे आपली मुलं फार चुकली नाहीत.

मे २०१८ मध्ये हा तारा त्या अदृश्य वस्तूपासून अवघ्या १२० एककांवरून, सेकंदाला ७ हजार किलोमीटरहून जास्त वेगाने गेला. एवढ्याशा जागेत एवढं वस्तुमान, म्हणजे ते कृष्णविवरच असणार. या शोधासाठी गेन्झेल आणि गेझ यांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

तासाची सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करा. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या पडद्यावर ठिपका लुकलुकतो. हाच अवरक्त प्रकाश.

"कृष्णविवर असतं, लिहून घ्या," असं मुलांना सांगू नका. ते आहे हे कशावरून ठरवलं, ते त्यांनाच काढू द्या. पुराव्यावरून बोलायची सवय त्यातूनच लागते. करून पाहा, आणि मुलांनी काय काय विचारलं ते जरूर कळवा.